फुटलेल्या मडक्यांचा हिशेब

कन्नडमध्ये एक म्हण आहे : 'कुंबारनिगे वरुष, दोण्णेगे निमिष.' कुंभाराला वर्ष लागते, काठीला एक निमिष पुरते. या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना ती सांगायला नको. लहानपणापासून मी ती घरात ऐकत आले. पण तिचा खरा अर्थ मला बेळगावात नव्हे, तर कन्नडचा शब्दही कानावर पडत नाही अशा ग्वाल्हेरात कळला. आणि तोही काठीशिवाय. मडके फोडायला काठीच लागते असे नाही. उन्हाळ्यातला वारा पुरतो, जोंधळ्याच्या दाण्याएवढा चुन्याचा खडा पुरतो, आणि माझ्यासारखी उतावीळ भाची तर नक्कीच पुरते.

माझी आत्या लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली त्याला आता अठ्ठावीस वर्षे झाली. ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला तानसेन आणि किल्ला आठवतो. पण मराठी माणसाचे तिथले बिऱ्हाड जुने आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. त्या छावणीचेच पुढे शहर झाले आणि त्याचे नाव 'लष्कर' असेच राहिले. तिथल्या मराठी घरांत आजही उंबऱ्याबाहेर हिंदी आणि उंबऱ्याआत मराठी चालते. आत्याच्या घरात मात्र तिसरी भाषाही आहे. मातीवर रागावली की ती कन्नडमध्ये बोलते.

आत्या मातीची भांडी करते. सात वर्षांपूर्वी ती हे काम शिकली. मागच्या पडवीत विजेवर फिरणारे चाक आहे, आणि त्यापलीकडे न्हाणीघराशेजारी दोन हात उंचीची विजेची भट्टी. कप, वाडगे, दह्याचे सट, पणत्या असा तिचा माल असतो आणि तो ओळखीत व प्रदर्शनांत विकला जातो. यंदा मार्चमध्ये काका निवृत्त झाले. विजेचे बिल पाहून घरात थोडी कुजबुज झाली असावी, कारण एप्रिलमध्ये आत्याचा फोन आला. "तू बी.कॉम. करतेस ना? मग सुटीत ये आणि या भट्टीचा हिशेब करून दे. परवडत नसेल तर दिवाळीआधी विकून टाकते."

हिशेब म्हणजे एका दुपारचे काम असे मला वाटले होते. ते सहा आठवडे चालले. कारण मडक्याचा हिशेब करायचा तर मडके कसे होते हे आधी कळावे लागते. ते जसे मला कळले तसे सांगते.

पहिली गोष्ट माती. आत्याकडे दोन प्रकारची माती असते. कपांसाठी ती उत्तर प्रदेशातल्या खुर्जा गावाहून तयार माती मागवते. झिलईदार भांड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. सट आणि पणत्या मात्र शहराबाहेरच्या एका कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या. ती आधी वाळवून फोडायची, बादलीत भिजवायची, दाट ताकासारखी झाली की गाळायची, निवळू द्यायची, वरचे पाणी ओतून टाकायचे आणि खालचा गाळ गोणपाटावर पसरून घट्ट होऊ द्यायचा. हे सारे चार दिवसांचे काम. गाळण्याचा कंटाळा केला तर काय होते हे मी तिसऱ्या आठवड्यात पाहिले. मातीत राहिलेला चुनखडीचा कण भट्टीत ८०० अंशांपुढे तापला की त्याचा कळीचा चुना होतो. भांडे भट्टीतून धडधाकट बाहेर येते. मग तो चुना हवेतला ओलावा पिऊन हळूहळू फुगतो आणि आठवडाभराने एखाद्या सकाळी भांड्याच्या पोटाचा टवका उडतो. आपण निजलेलो असताना फळीवर ठेवलेले मडके आपणहून फुटते, हे मला अगोदर कुणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

दुसरी गोष्ट चाक. मातीचे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक आणि चपटे असतात, पत्र्याच्या कपच्यांसारखे. त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात आणि तरीही सुटत नाहीत. मातीला जो लवचीकपणा येतो तो यामुळे. पण या गुणाचा उपयोग करून घ्यायचा तर गोळा आधी चाकाच्या बरोबर मधोमध बसायला हवा. केसभर जरी तो बाजूला असला तरी भिंत वर चढताना एका अंगाने जाड आणि दुसऱ्या अंगाने पातळ होते, आणि वीतभर उंचीला ती लटपटून बसते. मला गोळा मधोमध आणायला नऊ दिवस लागले. आत्या म्हणायची, "मातीला ढकलू नकोस. हात स्थिर ठेव, मातीच येईल." मला हे वाक्य उपदेशासारखे वाटे आणि राग येई. दहाव्या दिवशी कोपर मांडीवर टेकवून मी नुसती बसून राहिले, आणि हाताखालचा धक्का एकदम थांबला. चाक फिरत होते आणि गोळा मात्र जणू उभा होता. त्या दिवशी मी केलेले वाडगे इतके जड होते की काकांनी ते दाराला टेकण म्हणून लावले. तरी तो माझ्या सुटीतला सर्वांत चांगला दिवस होता.

तिसरी गोष्ट वाळवण, आणि खरी कसोटी इथे लागते. भांडे वाळते म्हणजे कणांमधले पाणी जाते, कण जवळ येतात आणि भांडे आकसते. दहा इंचांमागे अर्धा-पाऊण इंच सहज जातो. सगळे अंग एकदम आकसले तर काही बिघडत नाही. पण कड पातळ म्हणून आधी वाळते आणि बूड जाड म्हणून मागाहून. कपाचा कान तर सर्वांत आधी वाळतो आणि ओल्या अंगाला ओढतो. या ओढाताणीत चीर पडते. बेळगावच्या पावसाळ्यात भांडी पंधरा-पंधरा दिवस वाळणार नाहीत. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात उलट त्रास. पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी 'लू' सुटते. सकाळी केलेल्या कपांवर जेवण उरकून येईपर्यंत चिरा दिसू लागतात. अशा वेळी आत्या कमरेवर हात ठेवून कपांकडे बघे आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटे. कामवाल्या बाई हळूच मला विचारीत, "क्या बोल रही हैं?" मी सांगे, मंत्र आहे.

चौथी गोष्ट भट्टी. भट्टीत भांडी फुटली की 'आत हवा राहिली होती' असे म्हणण्याची पद्धत आहे. पण बहुतेक वेळा दोष हवेचा नसून ओलाव्याचा असतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या मातीत आत पाणी असते. शंभर अंशांना त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्यापेक्षा सुमारे सतराशे पट जागा लागते. ती वाट काढते ती भांडे फोडूनच. म्हणून सुरुवातीला आच अगदी मंद ठेवतात. पुढे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतच बांधलेले पाणी निघून जाते, आणि मग ती पुन्हा कधीही भिजून माती होत नाही. तोपर्यंत प्रत्येक चूक बादलीत टाकून पुन्हा मळता येते, त्यानंतर नाही. ५७३ अंशांजवळ मातीतली गारगोटी एकाएकी प्रसरण पावते, आणि निवताना त्याच ठिकाणी तितकीच एकाएकी आकसते. म्हणून भट्टी चढवताना जितका धीर धरायचा तितकाच उतरवतानाही.

हा धीर मला नव्हता. माझ्या पहिल्या वाडग्यांची झिलईची भट्टी होती. झिलई म्हणजे काचच. गारगोटीची पूड, फेल्स्पार आणि इतर दगडांची पूड पाण्यात कालवून भाजलेले भांडे त्यात बुडवायचे आणि पुन्हा सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवायचे, म्हणजे ती पूड वितळून भांड्यावर काच होऊन बसते. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा, लोखंडाने तपकिरी. खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिशाची झिलई मात्र वापरू नये. ते शिसे आंबट पदार्थात उतरते. गंमत अशी की, भाजण्याआधी निळी झिलई निळी दिसतच नाही. रंग काय उतरला हे बघण्याच्या उत्सुकतेने दुसऱ्या दिवशी आत्या देवळात गेलेली असताना मी झाकण उघडले. आत अजून ३०० अंश होते. क्षणभर निळा रंग दिसला, आणि मग 'टिण्' असा बारीक, गोड आवाज आला. मग आणखी एक. मग बरेच. सहा वाडगी एकामागून एक तडकत होती आणि मी झाकण हातात धरून ते ऐकत उभी होते.

आत्या रागावली नाही. हिशेबाची वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "हे कुठल्या खात्यात घालणार, ते लिही."

आणि खरोखर, त्या प्रश्नाने माझा हिशेब सुरू झाला. परिव्यय लेखांकनाच्या तासाला आम्हाला शिकवले होते की नुकसान दोन प्रकारचे असते. काही नुकसान त्या धंद्याच्या अंगचेच असते; कितीही काळजी घेतली तरी ते होणार. त्याला सामान्य नुकसान म्हणतात, आणि त्याचा खर्च उरलेल्या चांगल्या मालावर पडतो. दुसरे नुकसान अपघाताने किंवा हलगर्जीपणाने होते. ते असामान्य नुकसान. ते मालाच्या किमतीत न मिळवता सरळ नफा-तोटा खात्याला टाकायचे. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते. सहा वाडग्यांपुढे मी लिहिले : 'असामान्य नुकसान. कारण : भाची.'

मग आत्याच्या कपांचा एक घाणा घेऊन आम्ही नीट नोंद ठेवली. कप केले चोवीस. वाळताना कानाशी चिरले चार. पहिल्या भाजणीनंतर बुडाला चीर दिसली एकाला. दुसऱ्या भाजणीत झिलई ओघळून दोन कप फळीला चिकटले आणि दोघांच्या झिलईत भोके पडली. एकूण नऊ गेले, पंधरा उरले. खर्च असा : माती आणि झिलई ५६० रुपये, दोन भाजण्यांची वीज ८० युनिट, ८ रुपये दराने ६४० रुपये, एकूण १,२०० रुपये. आत्या कप १२० रुपयांना विकत असे. पंधरा कपांचे १,८०० आले. ती म्हणाली, "म्हणजे सहाशे उरतात की!"

मी विचारले, "आणि तुझे तास?"

तिने ते कधी मोजले नव्हते. मळणे, चाकावर घडवणे, दुसऱ्या दिवशी बूड तासणे, कान लावणे, झिलई, भट्टीची राखण, असे मिळून चोवीस कपांना चोवीस तास लागले होते. म्हणजे तासाला पंचवीस रुपये. बेळगावात मी संध्याकाळी पाचवीच्या मुलांची शिकवणी घेते, तिचे मला तासाला साठ मिळतात. तोच दर आत्याला लावला तर मजुरी झाली १,४४० आणि एकूण खर्च २,६४० रुपये. चोवीसांनी भागले तर कप ११० रुपयांना पडतो आणि १२० ला विकणे ठीक दिसते. पण विकायला चोवीस नाहीतच. पंधरांनी भागले तर एक कप पडतो १७६ रुपयांना. भट्टीचा घसारा मी यात धरलेलाच नाही. सात वर्षे आत्या प्रत्येक कपामागे छप्पन्न रुपये स्वतःच्या पदरचे घालत होती, आणि ते पैसे तिच्या मजुरीतून जात असल्यामुळे कुणाला दिसत नव्हते. तिलाही नाही.

हा आकडा मी तिला सांगितला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर उठून तिने कपांवरचे ओले फडके बदलले.

वही मात्र आम्ही बंद केली नाही. 'किती फुटले' यापुढे 'का फुटले' असा एक रकाना काढला. त्यातून दिसले की जे सामान्य नुकसान म्हणून आत्याने पत्करले होते, त्यातले काही तसे नव्हतेच. कप पडवीऐवजी माजघरात ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळवले, कान लावल्यावर दोन दिवस झाकून ठेवले, बूड आतून बोटाने दाबून घट्ट केले, झिलई बुडाशी बोटभर पुसून काढली. पुढच्या घाण्यात चोवीसांतले पाच गेले आणि एकोणीस उरले. कप १३९ रुपयांवर आला. आत्याने किंमत १६० ठेवली. त्याच महिन्यात झिलईची एक भट्टी १,१०० अंशांवर असताना रात्री तीन तास वीज गेली आणि सगळा माल दुसऱ्यांदा भाजावा लागला. ती वीज मात्र कपांच्या किमतीत घालायची नाही, असे आत्यानेच मला बजावले. "ते असामान्य," ती म्हणाली. माझ्या प्राध्यापकांना आनंद झाला असता.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही किल्ल्यावर गेलो. राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) बांधलेला मानमंदिर महाल तिथे आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या फरशा बसवल्या आहेत. त्यांत बदकांची रांग आहे, हत्ती आहेत, केळीची झाडे आहेत. बाबर १५२८ मध्ये इथे आला तेव्हा त्या केळी त्यालाही दिसल्या आणि त्याने आपल्या आठवणींत त्यांची नोंद केली. पाचशे उन्हाळ्यांची लू या भिंतींनी सोसली आहे; बऱ्याच फरशा गळून पडल्या, पण राहिलेल्यांचा निळा रंग अजून ताजा आहे. पूर्वी मी या भिंतीसमोर फोटो काढून घेतला होता. या वेळी मनात आले, इथे लागलेल्या प्रत्येक फरशीमागे भट्टीत वाकलेल्या, चिरलेल्या, रंग बिघडलेल्या किती असतील? त्यांची नोंद कुणी ठेवली नसेल. पण त्यांचा खर्च राजाने दिला असेल, किंवा कुंभाराने सोसला असेल. तिसरा कुणी नाही.

भांडे शाबूत आहे की नाही हे ओळखायचे तर ते बोटाने वाजवायचे. चांगले भाजलेले खणखणते. चिरलेले बद्द वाजते. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कन्नड शिवभक्तांच्या कथांत भालकीचा कुंबार गुंडय्या आहे. तोही मडके थोपटतो, पण तपासायला नव्हे; त्या तालावर तो नाचतो आणि त्याच्याबरोबर शिवही नाचू लागतो. आत्याच्या पडवीत मी दोन्ही पाहिले. भट्टी निवली की ती एकेक कप काढून नखाने वाजवी. बद्द वाजला की टोपलीत. खणखणला की क्षणभर कानाशी धरून हसे आणि पुन्हा वाजवी. तपासणी तर पहिल्याच टिचकीत झालेली असे. हे दुसरे वाजवणे कुठल्या खात्यात घालावे ते मला कळले नाही. मी ते घातले नाही.

१६० ची चिठ्ठी लावल्यावर पहिल्याच बाई म्हणाल्या, "मिट्टी का ही तो है!" पूर्वी अशा वेळी आत्या गडबडून शंभरावर येत असे. या वेळी ती म्हणाली, "जी, मिट्टी का ही है," आणि कप पुसून परत फळीवर ठेवला. त्या बाई घेतल्याशिवाय गेल्या. मी निघेपर्यंत एकोणीसांतले अकरा कप विकले गेले होते. भट्टी विकायची की नाही हा निर्णय मी दिला नाही. आत्यानेही तो विषय पुन्हा काढला नाही. मी बेळगावला आल्यावर तिचा फोन आला तेव्हा पाठीमागे चाकाची घरघर ऐकू येत होती.

या दिवाळीला पणत्या आणायला मी बाजारात गेले. खानापूरकडची माती आणि तिथले कुंभारकाम आपल्याकडे प्रसिद्धच आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे. त्या बाजूच्या एक आजी दरवर्षी रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसतात. गेल्या वर्षी मी त्यांच्याशी घासाघीस करून डझनामागे दहा रुपये कमी करून घेतले होते आणि घरी येऊन ते आईला कौतुकाने सांगितले होते. यंदा मी विचारले, "आजी, आव्यात शंभरातल्या किती जातात हो?"

आजींनी माझ्याकडे नीट पाहिले. "आजवर कुणी इचारलं न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "पाऊस आला तर निम्म्या जात्यात. तू घेणार किती, ते सांग."

मी दोन डझन घेतल्या आणि त्यांनी सांगितले तेवढे पैसे दिले. घेताना प्रत्येक पणती वाजवून मात्र पाहिली. तेवढे गोरोबाकाकांनी शिकवून ठेवलेलेच आहे.